कोळ्याचं पोर आणि जेमितो

नेपल्सच्या कोळ्याचं पोर हा एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शिल्पकारांचा लाडका विषय. रूदचं पोर कासवाशी खेळतं, कार्पोचं शिंपला कानाला लावून हसतं. दोन्ही गोंडस. मासे मात्र दोघांपैकी कुणीच धरत नाही!

1877 च्या पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात विन्चेंझो जेमितोनं आपला कोळी मांडला, तेव्हा म्हणूनच गहजब झाला. खडकावर उकिडवं बसलेलं किडकिडीत, नागडं पोर. पकडलेली मासळी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी दाबून धरलीय, नजर खाली. आपल्याकडे कोण बघतंय याची त्याला फिकीर नाही. मासळी निसटली तर पोटाचं काय, एवढीच चिंता. जेमितोनं म्हणे नमुन्याच्या पोराला साबण चोळलेल्या दगडावर तोल सांभाळत बसवलं होतं. कुणी वाहवा केली, कुणाला हे ध्यान कुरूप वाटलं.

ही पोरं जेमितोला परकी नव्हती. 1852 मध्ये जन्मलेला तो स्वतःच नेपल्सच्या अनाथालयात सोडून दिलेलं मूल. एका गरीब घरानं त्याला वाढवलं. ब्राँझ हाच त्याचा जीव की प्राण. 1883 मध्ये त्यानं नेपल्समध्ये स्वतःची ओतशाळा काढली. तिथली रीत अशी: आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचा साचा, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. मेणावर शेवटपर्यंत हात फिरवता येतो, म्हणून बोटांचा ठसाही ब्राँझमध्ये उतरतो.

पुढे इटलीच्या राजानं नेपल्सच्या राजवाड्यासाठी त्याच्याकडे पाचव्या चार्ल्सचा पुतळा मागितला, तोही संगमरवरी. नावडत्या दगडाच्या या कामात तो खचला आणि 1887 पासून जवळपास वीस वर्षं घरात कोंडून राहिला. पण सगळा दोष संगमरवरावर टाकणं मला जरा जास्तच सोयीचं वाटतं. त्याची जोडीदार माथिल्द 1881 मध्येच गेली होती, ते दुःखही सोबत होतंच. पुन्हा कामाला लागून तो 1929 मध्ये वारला.

त्याच 1877 च्या सलाँत रोदँचं ‘ब्राँझयुग’ हे शिल्पही होतं. पुढे रोदँ जगभर गाजला, जेमितो इटलीबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही. फ्लोरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात गेलात, तर दोनातेल्लोचा डेव्हिड पाहून लगेच बाहेर पडू नका. जेमितोचा हा कोळीही तिथंच आहे.