झटदिशी मारलात की तानाजीला!

बँकेने 1988 साली मला तेरणाकाठच्या माकणीला पाठवले. तिथे एका खातेदाराकडे लग्नानंतरचा गोंधळ होता. दिवटी, संबळ, तुणतुणे. नायकाने तुळजापूरच्या भवानीपासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत एकेकाला नाव घेऊन बोलावले आणि उत्तररात्री सिंहगडचा पोवाडा लावला.

तुळशीदासाचा तो पोवाडा मी वाचलेला होता. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 साली छापलेल्या संग्रहातला. वाचताना हिशेबनीस हात शिवशिवे. पाल्हाळ किती! जिजाबाई आणि महाराज सोंगट्या खेळतात, तानाजीकडे रायबाचे लग्न निघते, गड आपला दूरच.

दुसऱ्या दिवशी नायकाकडून मी तो उतरवून घेतला. फिरून येणाऱ्या ओळी गाळल्या, झीलकऱ्याची 'जी जी' गाळली, चार पाने झाली. मोठ्या ऐटीत वाचून दाखवली. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता.

"सायेब," तो म्हणाला, "झटदिशी मारलात की तानाजीला!"

तेव्हा मी हसलो. (तिशीच्या आतला अधिकारी दुसरे काय करणार?) 1670 साली तानाजी गडावर पडला, हे मांडवातल्या पोरालाही ठाऊक होते. पुढे काय होणार, हा प्रश्नच नव्हता. नायक ओळ टाकी, झीलकरी ती उचलून धरी, आणि तेवढ्या अवकाशात समोरचा नवरदेवाचा बाप आपल्या मुलाकडे पाहून घेई. मुलाचे लग्न टाकून गेलेल्या बापाची गोष्ट लग्नघरात चालली होती. मी गाळली ती नेमकी ही जागा.

पुढे आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेली एड्डा काव्ये इंग्रजीतून वाचली. तिथे ओळीच्या दोन तुकड्यांतल्या जोरकस शब्दांचे आद्य ध्वनी जुळवतात. त्या जुळणीवर ओळ उभी राहते. सिगुर्ड या वीराला त्याचा मामा सारे आयुष्य आधीच सांगून टाकतो, मरणासकट. तरी कविता पुढे चालतेच. मला माकणी आठवली. चाल मात्र आपल्याहून तुटक वाटली, थांबायला जागा कमी.

ती चार पाने अजून माझ्याकडे आहेत. निवृत्तीनंतर समासात पेन्सिलीने 'जी' लिहीत गेलो. कुठे किती वेळा, ते त्या म्हाताऱ्यालाच विचारून ठेवायला हवे होते.