हेडला पाना मारण्यापूर्वी

वाळूज-चिकलठाण्याचे कामगार, शाळेची मुले, जाधववाडीच्या बाजारातली भाजी, हे सारे आमच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मारुती व्हॅनने वर्षानुवर्षे वाहिले आहे. कित्येक घरांची चूल या गाडीवर पेटते. १९८४ साली आलेल्या या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या गाडीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. तेव्हा आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे.

अशी गाडी उन्हाळ्यात कन्नडचा घाट चढताना तापते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. मग कुणीतरी सांगतो, "भाऊ, हेडला जरा पाना मारून घ्या, काम होईल." थोडक्यात भागते म्हणून आपणही मान डोलावतो. आम्हाला सावध करायचे आहे ते इथेच.

हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केट असते. ते एकदा जळले की बोल्ट कितीही आवळा, जळलेली जागा भरून येत नाही. शिवाय जुने बोल्ट ताणलेले आणि आट्यांत गंजलेले असतात. गंजामुळे पाना जड लागतो आणि आपल्याला वाटते, बोल्ट घट्ट बसला. आणखी जोर लावला की बोल्ट तुटून ब्लॉकमध्ये अडकतो, नाहीतर ब्लॉकचे आटेच जातात. मग इंजिन उतरवा, लेथवर न्या, आणि तितके दिवस धंदा बंद!

गरम इंजिनावर तर असा पाना लावूच नये. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे बोल्टवरचा खरा ताण कळत नाही. नवे गॅस्केट बसवल्यावर कंपनीच्या पुस्तकात पुन्हा आवळायला सांगितले असेल, तरच ते करावे. त्यातल्या मापाने, टॉर्क पान्याने, मधल्या बोल्टपासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावे. नंतर टॅपेट तपासून घ्यावेत.

ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते का? सायलेन्सरमधून पांढरी वाफ थांबत नाही का? गळती नसताना पाणी कमी होते का? तसे असेल तर हेड उतरवून सपाटी तपासणे आणि नवे गॅस्केट घालणे हाच उपाय. गाडी मुळात का तापली, तेही शोधावे. पंखा, थर्मोस्टॅट, तुंबलेला रेडिएटर पाहावा. मात्र गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

बंधू-भगिनींनो, गाडीच्या कमाईतून दरमहा थोडे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. म्हणजे अडचणीच्या वेळी स्वस्तातल्या पान्याचा मोह होणार नाही.