टाके घरी, डॉक्टर मोबाइलवर

ऑपरेशननंतर जखम चिघळते ती बहुतेकदा सुट्टी मिळाल्यावर, घरी. म्हणून पहिले ३० दिवस लक्ष ठेवायचं. आता वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी-कारंजाकडच्या पेशंटनं तेवढ्यासाठी सेवाग्राम किंवा सावंगीचं हॉस्पिटल गाठायचं म्हणजे वावरातलं काम बुडवून एसटीत अख्खा दिवस घालवायचा!

इथं सरकारचं ई-संजीवनी अॅप कामी येतं. फुकट आहे. मोबाइल नंबर टाका, ओटीपी द्या, डॉक्टर व्हिडिओवर येतात आणि प्रिस्क्रिप्शनही तिथंच मिळतं. स्वतःला जमत नसेल तर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी जोडून देतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाच मार्ग बरा, कारण घरच्या पोरानं फोन हलवत धरला की डॉक्टरांना जखमेऐवजी पंखाच दिसतो.

जखम दाखवायची तर अंगणात, उजेडात. डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवा, कारण समोरच्या डॉक्टरांनी तुमचं ऑपरेशन केलेलं नसतं. लाली वाढतेय का, पू येतोय का, ताप आहे का, हे स्वतःहून सांगा.

टाके मात्र अॅप काढत नाही, त्याला दवाखानाच. आणि जखम उसवली किंवा रक्त थांबेना, तर व्हिडिओ-बिडिओ सोडा, १०८ लावा.