रक्तस्कंदनाचे एक प्रथिन आणि 'स्वाभाविक' पातळीचा प्रश्न

रक्ततपासणीच्या अहवालात मोजलेल्या अंकाशेजारी आणखी दोन अंक छापलेले असतात. त्यांच्या दरम्यान येणारे माप स्वाभाविक व बाहेरचे विकृत, असा अर्थ आपण सहजपणे गृहीत धरतो. हा अर्थ कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात एका प्रथिनाच्या आधारे करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक उदाहरण कल्पू. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राहणाऱ्या एका तरुणीस दर महिन्यास अतिरिक्त रजःस्राव होतो. तिचा रक्तगट 'ओ' आहे. तिच्या रक्तद्रवातील व्हॉन विलेब्रांड घटकाचे प्रमाण ४४ टक्के भरले. अहवालावरील स्वाभाविक मर्यादा मात्र ५० ते २०० टक्के अशी आहे. तेव्हा ही तरुणी रोगी समजावयाची की निरोगी?

फिनलंडचे वैद्य एरिक व्हॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हीमोफिलिया प्रायः पुरुषांत आढळतो. हा विकार स्त्रियांतही आढळत होता, हे त्याचे वैशिष्ट्य. ज्या प्रथिनाच्या उणिवेमुळे तो उद्भवतो, त्यास पुढे त्यांचेच नाव मिळाले. हे प्रथिन दोन कामे करते. रक्तवाहिनीस इजा झाली असता ते बिंबाणूंना त्या जागी चिकटवून धरते. आणि स्कंदनाच्या आठव्या घटकास आपल्याबरोबर वाहून नेऊन त्याचे अकाली नाशापासून रक्षण करते. त्याचे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे आणि परिपक्व शृंखलेत २०५० अ‍ॅमिनो आम्ले असतात.

निरोगी माणसांतही या प्रथिनाचे प्रमाण चौपट फरकाने कमीअधिक असू शकते. जुळ्या भावंडांच्या व कुटुंबांच्या अभ्यासांवरून असे दिसते, की या फरकाचा बराच मोठा, सुमारे दोन-तृतीयांश, भाग आनुवंशिक आहे. साहजिकच त्याचे मूळ बाराव्या गुणसूत्रावरील जनुकातच शोधावे असे वाटेल. तथापि आजवर ज्ञात झालेले सर्वांत प्रभावी आनुवंशिक कारण तेथे नसून नवव्या गुणसूत्रावर, म्हणजे रक्तगट ठरविणाऱ्या एबीओ जनुकात आहे.

अमेरिकेत १११७ रक्तदात्यांच्या तपासणीचे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत या प्रथिनाचे सरासरी प्रमाण 'ओ' गटात ७४.८, 'ए' गटात १०५.९, 'बी' गटात ११६.९ आणि 'एबी' गटात १२३.३ आढळले. 'ओ' गटाची खालची मर्यादा ३५.६ पर्यंत उतरली. 'एबी' गटाची मात्र ६३.८ होती. म्हणजे आमच्या उदाहरणातील ४४ हा अंक सर्वसाधारण मर्यादेच्या खाली, परंतु 'ओ' गटाच्या मर्यादेच्या आत पडतो.

रक्तगटाचा या प्रथिनाशी संबंध कसा पोहोचतो? रक्तगटाची शर्करा केवळ तांबड्या पेशींवरच असते असे नाही. व्हॉन विलेब्रांड घटकास जोडलेल्या शर्कराशृंखलांच्या टोकांवरही ती आढळते. 'ओ' गटात ए किंवा बी शर्करेचे हे टोक नसते आणि शृंखला एच या पायरीवरच थांबते. अशा प्रथिनाचा रक्तातून निचरा लवकर होतो. शिवाय त्याचे तुकडे करणारे अ‍ॅडॅम्स-टीएस-१३ हे विकर त्यावर काहीसे अधिक सहज चालते. तात्पर्य, 'ओ' गटाच्या व्यक्तीत प्रथिन मुळात कमी निर्माण होते असे नसून ते कमी काळ टिकते.

या विवरणाची कसोटी घेण्याची संधी निसर्गाने महाराष्ट्रातच उपलब्ध करून दिली आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका नव्या रक्तगटाचे वर्णन 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. तोच आज 'बाँबे गट' या नावाने जगभर ओळखला जातो. या व्यक्तींत एच शर्करा तयार करणारे, एकोणिसाव्या गुणसूत्रावरील जनुक निकामी असते. पायाच नसल्याने ए किंवा बी यांची जनुके असूनही त्यांची शर्करा बसू शकत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या व्यक्तींतील व्हॉन विलेब्रांड घटकाचे प्रमाण ए, बी व एबी गटांपेक्षा स्पष्टपणे कमी, आणि 'ओ' गटाइतके किंवा त्याहूनही कमी आढळले. उपर्युक्त विकराने होणारे त्याचे विघटनही अधिक वेगाने झाले. शर्करा जितकी अपुरी तितके प्रथिन अल्पायुषी, या अनुमानास यामुळे पुष्टी मिळते.

भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकास असतो असे सामान्यतः मानतात. विवाह यदृच्छेने होतात असे धरल्यास सदोष जनुकाची वारंवारता शंभरात एक आणि वाहकांचे प्रमाण सुमारे पन्नासात एक येते. परंतु आपल्याकडे जातीअंतर्गत विवाह व मामाच्या मुलीशी विवाह ही प्रथा असल्याने हे गृहीत प्रत्यक्षात पुरते लागू पडत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

रक्तगटाने सगळा फरक उलगडत नाही. युरोपीय वंशाच्या २३ हजारांहून अधिक व्यक्तींवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इतरही जनुके पुढे आली. त्यांपैकी काही प्रथिनाच्या स्रवणाशी, तर काही त्याच्या निचऱ्याशी संबंधित दिसतात. मात्र आपल्याकडे 'बी' गटाचे प्रमाण युरोपीयांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. यास्तव परकीय रक्तदात्यांवरून काढलेली मर्यादा जशीच्या तशी स्वीकारताना सावधगिरी हवी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. "ओ गटास ४४ स्वाभाविकच" असे म्हणून त्या तरुणीस परत पाठविणे चुकीचे ठरेल. रक्तस्राव थांबणे हे प्रथिन किती उपलब्ध आहे यावर अवलंबून असते. ते कोणत्या जनुकामुळे कमी झाले यावर नव्हे. २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ३० पेक्षा कमी पातळी स्वतःच निदानास पुरेशी समजतात. ३० ते ५० च्या दरम्यान अस्वाभाविक रक्तस्रावाचा इतिहास असेल तर निदान ग्राह्य धरतात. म्हणजे तिने सांगितलेली हकीकत त्या अंकाइतकीच निर्णायक होय. उलट, तोच अंक असलेल्या, पण कधीही जादा रक्तस्राव न झालेल्या तिच्या भावास रोगी म्हणण्याचे कारण नाही.

त्याआधी तो अंक विश्वसनीय आहे का, हेही पाहिले पाहिजे. ताप, श्रम, मानसिक ताण व गर्भारपण यांमुळे हे प्रमाण वाढते. म्हणून एकदाच केलेली तपासणी पुरेशी नसते. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. गावातून घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचण्यास वेळ लागतो. सद्हेतूने तो बर्फात ठेवून पाठविल्यास अखंड रक्तातील हे प्रथिन घटते आणि निरोगी व्यक्तीही रोगी दिसू लागते. नमुना सामान्य तापमानास ठेवून काही तासांतच रक्तद्रव वेगळा करावा. गोठवावयाचा तो रक्तद्रव, अखंड रक्त नव्हे.

'स्वाभाविक' ही निसर्गाने आखलेली रेषा नसून एका विशिष्ट लोकसमूहाच्या मोजमापांवरून आपण काढलेला संकेत आहे. तो संकेत कोणावरून काढला हे विचारणे जसे संशोधकाचे, तसेच समोरच्या व्यक्तीस प्रत्यक्ष काय होते हे विचारणे वैद्याचे कर्तव्य होय.