नाग बांधावरच शोभतो : बत्तीस शिराळ्याचं गाऱ्हाणं आणि कायद्याची बाजू

श्रावण लागला की नागपंचमीबरोबर बत्तीस शिराळ्याचा विषय निघतोच. सांगली जिल्ह्यातलं हे गाव जिवंत नागाच्या पूजेसाठी देशभर ओळखलं गेलं. पंचमीच्या आधी गावातली नाग मंडळं बांधाबांधानं फिरायची, बीळ ओळखून नाग धरायची आणि मडक्यात ठेवून तोंड फडक्यानं बांधायची. पंचमीला घरोघर पूजा, मग अंबाबाईच्या देवळाकडे मिरवणूक, आणि शेवटी ज्या शिवारातून नाग आणला तिथंच सोडायचा, अशी रीत. ती गोरखनाथांनी घालून दिली, असं गाव मानतं.

या रितीवर निर्बंध आले. त्यावर नाग धरणाऱ्यांनी काय म्हटलं आणि त्यातून तुम्ही-आम्ही काय घ्यावं, ते आज पाहू.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. नाग असो, धामण असो की अजगर, आपल्याकडचा रानातला साप परवानगीशिवाय धरता येत नाही, पाळता येत नाही आणि त्याचा खेळही करता येत नाही. शिराळ्याचा प्रश्न २००२ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१४ च्या आदेशानंतर जिवंत नागाची पूजा आणि मिरवणूक थांबली, गाव प्रतिमेची पूजा करू लागलं. पुढे २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि नाग पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला जाऊन बसला. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. गंमत म्हणून नाग हातात धरून फोटो काढणाऱ्या तरुणांनी हे नीट ध्यानात ठेवावं.

गावाचं म्हणणं

शिराळकरांचं गाऱ्हाणं ऐकण्यासारखं आहे. ते म्हणतात, आम्ही गारुडी नव्हे. आम्ही नागाचे दात पाडत नाही, तोंड शिवत नाही, पैशासाठी खेळ करत नाही. दुसरीकडे साप दिसला की लोक काठी उचलतात, आमच्याकडे नाग मारत नाहीत. मग संरक्षण आम्हीच करतो की नाही? हा मुद्दा खोटा म्हणता येणार नाही.

दुसरा सवाल असा : बैलगाडा शर्यत सुरू झाली, मग आमचा नाग का नाही? सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतीचे कायदे वैध ठरवले, हे खरं. पण इथं एक फरक आहे. बैल हा गोठ्यातला प्राणी. त्याचा प्रश्न १९६० च्या प्राणिक्रूरता कायद्यातला, आणि त्यात राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या. नाग रानातला. त्याला दावणीला बांधण्याची वहिवाटच नाही, आणि त्याचा कायदाही वेगळा.

नागाच्या बाजूनं पाहिलं तर?

मडक्यातला नाग खायला-प्यायला माणसावर अवलंबून असतो. गर्दी आणि हाताळणी यांनी तो घाबरतो. साप दूध पीत नाही. तहानलेला ठेवला तर पुढ्यातलं काहीही पिईल, पण दूध त्याला पचत नाही. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे हळदकुंकू डोळ्यांत गेलं तर इजा होते. आणि नाग कितीही शांत वाटला तरी विषारीच. धरणाऱ्याचा हात सराईत असेल, पण शेजारी उभ्या असलेल्या पोराचं काय?

शिवाय पावसाळा हा उंदरांचा बंदोबस्त करण्याचा काळ. ऊस आणि भुईमूग यांत उंदीर काय नासाडी करतो, ते तुम्हाला सांगायला नको. मांजर बिळात शिरत नाही, नाग सरळ आत जातो. झिंक फॉस्फाईडचं आमिष विकत आणावं लागतं, नाग फुकट राबतो.

२०२५ ची वाट

२०२५ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं मधली वाट काढली. २७ ते ३१ जुलै या पाच दिवसांत २१ नाग धरायला परवानगी दिली, ती केवळ शिक्षणासाठी, तरुणांना पारंपरिक ज्ञान देण्यासाठी. करमणूक नाही, धंदा नाही, आणि नाग पुन्हा निसर्गात सोडायचा. काहींना ही परवानगी तुटपुंजी वाटली, तर काहींना धोक्याची. पण तिच्यात एक मोलाची गोष्ट मान्य झाली. शिराळ्याची खरी पुंजी मडक्यातला नाग नाही. नाग कुठल्या बांधाला राहतो, कधी बाहेर पडतो, त्याच्याशी कसं वागायचं हे ज्ञान, आणि त्याला न मारण्याची सवय, ही ती पुंजी. तिला कायद्याची आडकाठी नाही.

आपल्या गावात काय करावं?

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी वनखात्याकडे नोंद असलेल्या सर्पमित्राचं नाव पंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवावं. घरात साप निघाला तर त्याला किंवा १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावं. सर्पमित्रानंही साप बरणीत घालून घरी ठेवू नये, गावोगाव दाखवत फिरू नये. नोंद करून लवकर योग्य ठिकाणी सोडावा.

जीव वाचवताना नाइलाजानं साप मेला तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही, पण बांधावर आपल्या वाटेनं चाललेल्या नागाला गाठून मारणं हा स्वसंरक्षणाचा प्रकार नव्हे. रात्री पाणी पाजायला जाताना बॅटरी आणि बूट वापरा. दंश झालाच तर चिरा देणं, करकचून बांधणं, मांत्रिकाकडे जाणं यात वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, दंशाचा अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सर्पदंशाची लस मिळेल अशा दवाखान्यात थेट न्या.

येत्या पंचमीला मातीच्या नागाची पूजा करा आणि एक बांध न पेटवता, न उकरता तसाच राहू द्या. खरा नाग तिथं आपलं काम करत राहील.