लांब फोटोचा कॅमेरा घेताना

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील वाचनालयाच्या वर्धापनदिनी साठेक माणसांचा समूहफोटो काढला. सगळे बसावेत म्हणून फोटोग्राफर मागे सरकत गेला आणि चेहरे हरभऱ्याएवढे आले. मोठा करून कापला, तर कडेच्या दोन आजी गेल्या. त्यातल्या एकीने वाचनालयाला पहिली वर्गणी दिली होती! तेव्हा आम्ही चौघा हौशी मित्रांनी पैसे जमवून जुना पॅनोरामा कॅमेरा घ्यायचे ठरविले.

रोलचे असे कॅमेरे मुख्यतः दोन जातींचे. नोब्लेक्स १५० सारख्यात भिंगच फिरते. डोंगररांगांसाठी उत्तम, पण माणसांची सरळ रांग त्यात धनुष्यासारखी वाकते, मधले मोठे नि कडेचे लहान दिसतात. अर्धवर्तुळात उभे केले तर जमते म्हणतात. साठ माणसांना तसे उभे करणे ज्याला जमेल त्याने करावे!

फुजी जी ६१७ चे १०५ मिलिमीटरचे भिंग स्थिर असते, रांग सरळ राहते. १२० च्या रोलवर सुमारे १७ सेंटिमीटर लांबीचे चारच फोटो येतात, अंतर आपणच मोजून लावायचे. कडा मात्र काळवंडतात. त्यासाठी मधोमध गडद असलेला फिल्टर चढवावा लागतो. तो मधला उजेड कमी करून कडेच्या माणसाला बरोबरीने आणतो. म्हणून वाचकहो, किमतीआधी फिल्टरचे विचारावे.

एकजण फिल्टरविना स्वस्तात देत होता. आम्ही घेतला नाही.