शालेय इमारती : बांधकामाला निधी, देखभालीची वानवा

राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी या गावी २५ जुलै २०२५ रोजी सकाळी सरकारी शाळेची इमारत कोसळून सात विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. पावसाळ्याचे दिवस होते आणि शाळा नुकतीच भरली होती. या घटनेनंतर समोर आलेली एक बाब दुर्घटनेइतकीच गंभीर म्हणावी लागेल. मोडकळीस आलेल्या शाळांची माहिती कळविण्याच्या सूचना आधीच देण्यात आल्या होत्या. मात्र त्या यादीत या शाळेचे नाव नव्हते, असे जिल्हा प्रशासनाकडून सांगण्यात आले.

दुसऱ्याच दिवशी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सर्व राज्यांना शालेय इमारतींची सुरक्षा तपासणी करण्याचे निर्देश दिले. इमारतीची मजबुती, अग्निसुरक्षा, आपत्कालीन मार्ग आणि वीजजोडणी यांची पाहणी व्हावी, तसेच धोकादायक परिस्थिती आढळल्यास चोवीस तासांच्या आत संबंधित अधिकाऱ्यांना कळवावे, असे त्यात नमूद करण्यात आले. हे सर्व योग्यच होते. परंतु देशात सुमारे १४ लाख ७० हजार शाळा आहेत आणि त्यांपैकी दहा लाखांच्या आसपास सरकारी आहेत. एवढ्या इमारतींची खरी अवस्था नेमकी कोणाला आणि कशी कळते, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे.

यापैकी बऱ्याच इमारती मोठ्या मोहिमांमधून उभ्या राहिल्या. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्रत्येक प्राथमिक शाळेला सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या देण्याचे उद्दिष्ट होते. त्यानंतर १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आणि पुढे सर्व शिक्षा अभियान आले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकगृह, क्रीडांगण आणि कुंपण या बाबी अनिवार्य केल्या. प्रत्येक टप्प्यावर खोल्यांची संख्या मोजली गेली, कारण कमतरता संख्येचीच होती. मोहिमेच्या पहिल्या वर्षांत बांधलेल्या खोल्यांनी आता पस्तिशी ओलांडली आहे.

इमारत एका दिवसात धोकादायक होत नाही. सुरुवात बहुधा छतावरून होते. पालापाचोळ्याने पन्हळ तुंबते, पाणी साचते आणि स्लॅबच्या बारीक भेगांमधून झिरपू लागते. आतील लोखंडी सळ्यांना गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने सळई जणू फुगते आणि खालचे काँक्रीट आतून ढकलले जाऊन खपल्यांच्या रूपाने सुटू लागते. छताला पडलेला पिवळसर डाग हे पहिले लक्षण, तर सळी उघडी पडणे हे फार उशिराचे. भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप, जोत्यालगत मुरणारे सांडपाणी, हातोडीने ठोकले असता येणारा पोकळ आवाज या खुणा अनुभवी गवंड्यालाही कळतात. पन्हळ साफ करण्यास एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी पुरते. ती वेळेवर न दिल्यास काही वर्षांनी संपूर्ण स्लॅब बदलावा लागतो.

ही मजुरी शाळेने कोठून द्यावी, यासाठीची व्यवस्था काळानुरूप बदलत गेली. सर्व शिक्षा अभियानात देखभालीसाठी स्वतंत्र वार्षिक अनुदान होते : तीन खोल्यांपर्यंत पाच हजार आणि त्याहून अधिक खोल्यांसाठी दहा हजार रुपयांपर्यंत. रक्कम तुटपुंजी असली तरी ती खोल्यांच्या संख्येशी निगडित होती. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना लागू झाल्यावर शाळांना एकत्रित अनुदान मिळू लागले आणि ते पटसंख्येवर ठरू लागले. नंतरच्या सुधारित आराखड्यानुसार तीसपर्यंत विद्यार्थी असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार आणि हजाराहून अधिक विद्यार्थी असल्यास एक लाख रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. याच रकमेतून वीजबिल, शैक्षणिक साहित्य आणि स्वच्छतेचा खर्चही भागवायचा असतो. परिणामी, एके काळी शंभराहून अधिक मुले असलेल्या आणि आता पंचवीसच उरलेल्या गावातील शाळेला तेवढ्याच खोल्या सांभाळाव्या लागतात, मात्र पैसा पटाप्रमाणे आटतो. छत पटसंख्या पाहून गळत नाही.

मोठ्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र प्रस्ताव पाठवावा लागतो आणि त्याचा आधार शाळेनेच भरलेली माहिती हा असतो. ‘यूडायस’ या राष्ट्रीय माहितीप्रणालीत मुख्याध्यापक दरवर्षी वर्गखोल्यांची नोंद करतात. किती खोल्या सुस्थितीत आहेत, कितींना किरकोळ दुरुस्ती हवी आणि कितींना मोठी, असे रकाने त्यात असतात. मुख्याध्यापक हे अभियंते नव्हेत, ही झाली एक अडचण. दुसरी अधिक नाजूक आहे. खोली धोकादायक आहे असे लेखी कळविले की ती बंद करावी लागते आणि मुलांना मंदिरात, समाजमंदिरात किंवा झाडाखाली बसवावे लागते. पर्यायी खोली केव्हा मिळेल याची हमी नसते. अशा वेळी ‘किरकोळ दुरुस्ती’चा रकाना सोयीचा वाटला, तर त्याचा सगळा दोष एकट्या मुख्याध्यापकावर टाकता येणार नाही.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या मोडकळीस आलेल्या खोल्या पाडण्यापूर्वी त्यांचे ‘निर्लेखन’ करावे लागते. प्रस्ताव, अभियंत्याची पाहणी, मूल्यांकन आणि मंजुरी अशा पायऱ्या पार पडेपर्यंत ती खोली कुलूप लावून उभीच असते. कागदावर ती खोलीच राहिली, तर नव्या खोल्यांची गरज मोजताना हिशेब चुकतो. मधल्या सुटीत मुले मात्र तिच्याच भिंतीलगत खेळतात. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेची इमारत पडून तीन विद्यार्थी दगावले, तेव्हाही जुन्या वर्गखोल्यांच्या सर्वेक्षणाची चर्चा अशीच राज्यभर झाली होती.

दुर्घटनेनंतर नियम कडक होतात, हेही खरे. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकघरातील ठिणगी गवती छपरापर्यंत पोहोचली आणि बाहेर पडण्याचा मार्ग अपुरा ठरला. या प्रकरणाच्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी दिलेल्या निकालात शाळांमध्ये अग्निशमन साधने बसविणे, शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन करणे बंधनकारक केले. भुज येथील २००१ च्या भूकंपानंतर भूकंपरोधक बांधकामाकडे लक्ष वेधले गेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली. नव्या इमारतींना याचा लाभ झाला. जुन्या इमारतींपर्यंत हे नियम पोहोचण्यासाठी कोणीतरी शिडी लावून छतावर चढणे आवश्यक असते.

यात वेळेचे गणितही आड येते. छत कोरडे आणि वर्ग रिकामे असा काळ वर्षात उन्हाळी सुटीचाच. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यानंतर वार्षिक आराखड्याची मंजुरी, राज्याचा हिस्सा आणि निधीचे वितरण असा प्रवास होऊन रक्कम शाळेच्या खात्यावर येईपर्यंत अनेकदा पावसाळा उलटून गेलेला असतो. मग ती रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्च करण्याची घाई होते आणि परीक्षेच्या दिवसांत रंगकाम उरकले जाते. महाराष्ट्रात शाळा जूनमध्ये उघडतात, राजस्थानात १ जुलैच्या सुमारास. दोन्हीकडे पहिली घंटा आणि पहिला पाऊस यांत फारसे अंतर नसते.